मला गाडी लागते!

मागच्या वीकेंडला दिल्लीच्या रूममेटला घेऊन आजीकडे गेले, वरंधला. पुणं सुटलं, भोर मागे पडलं आणि वरंधा घाटाची वळणं सुरू झाली. "मला गाडी लागते गं," मी कुरकुरले. मराठी शिकायचा जाम उत्साह असलेली ही बया खिडकीबाहेर बघत म्हणते, "कहाँ लगी है?" तिच्या हिंदीत गाडी ‘लगती’ ती पार्किंगला, नाहीतर प्लॅटफॉर्मला! वाघजाईच्या देवळापाशी चहा-भजीला थांबलो, तेव्हा कुठे उलगडा झाला. (भजी एकटीने तिनेच हाणली, हे सांगायला नकोच.)

रात्री सीन नंबर दोन. "मुझे लगा आजी सो गयीं," ती म्हणाली आणि आजी हळदीचा डबा घेऊन हजर. "कुठं लागलं गं पोरी?"

आता बोला! शब्द एकच. मूळ संस्कृत ‘लग्’, म्हणजे चिकटणं. आपलं ‘लग्न’ही त्यातलंच. मराठीत लागणे, हिंदीत लगना, गुजरातीत लागवुं, कोकणीत लागप. भूक चौघींनाही ‘लागते’च. तिकडे युरोपात स्पॅनिश, पोर्तुगीज आणि कॅटलानमध्येही ‘गाणे’ला एकच क्रियापद आहे, कांतार. पण आपल्या ‘लागणे’ने मात्र प्रत्येक घरी वेगळा संसार थाटलाय. हिंदीवाल्यांना ‘लगता है’, तिथे आपल्याला ‘वाटतं’. त्यांना ‘जाना पड़ता है’, गुजरात्यांनाही जवुं ‘पडे’. आपल्याला मात्र जावं ‘लागतं’. सक्तीचं कामसुद्धा आपण या बिचाऱ्याच्याच गळ्यात मारलं!

रविवारी निघताना मी नेहमीचा डायलॉग टाकला, "आजी, जावं लागेल गं. उद्या प्रेझेंटेशन आहे."

माझ्या सॅकमध्ये तांदळाचे पापड कोंबत आजी म्हणाली, "जावं तर लागतंच, बाय. पण यावं लागतं म्हणून नको येऊस. यावंसं वाटलं की ये."

येताना गाडीत मी एकदम गप्प. वर्षभर प्रत्येक वेळी ऑफिसात सुट्टी मागताना मी काय म्हणत आले होते? "गावी जावं लागणार आहे, यार."

रूममेटने हळूच विचारलं, "काय झालं? गाडी लागली?"

यावेळी तिचं मराठी शंभर टक्के बरोबर होतं.

"नाही गं," मी म्हटलं. "नुसतंच लागलं."