कोपनहेगनचे लोहमार्ग आणि विश्वासाचें तिकीट

एखाद्या शहरास मोठें कां म्हणावें, असें विद्यार्थ्यांस विचारिलें तर बहुधा उत्तर येतें कीं, तेथील राजवाडे भव्य आहेत, इमारती उंच आहेत, दुकानें झगझगीत आहेत म्हणून. आम्हांस ही कसोटी पुरेशी वाटत नाहीं. परका मनुष्य, लहान मूल, म्हातारी बाई आणि खिशांत थोडे पैसे असलेला मजूर ह्या चौघांस जें शहर आपल्या वेशींत सुखानें घेतें व एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत निर्धास्तपणें फिरवितें, तें शहर मोठें. ह्या कसोटीस उतरणाऱ्या शहरांत डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन हिची गणना केली पाहिजे, असें आमचें मत आहे. आणि हा मोठेपणा तिला तिच्या आगगाडीनें दिला आहे.

कोपनहेगन मुख्यतः झीलंड नांवाच्या बेटावर वसलेलें आहे. तेव्हां तेथें आगगाडीनें जाणें ही मुळांत सोपी गोष्ट नव्हती. ज्यांच्या परीकथा आमचे विद्यार्थी आवडीनें वाचतात ते हान्स ख्रिश्चन अँडरसन १८१९ सालीं, अवघे १४ वर्षांचे असतां, ओडेन्स गांवाहून ह्या शहरीं आले. जोडे शिवणाऱ्या गरिबाचा हा मुलगा. टपालाच्या घोडागाडींतून व मधला समुद्र जहाजानें ओलांडून त्यानें हा प्रवास केला. त्यानंतर २८ वर्षांनीं, म्हणजे १८४७ सालीं, कोपनहेगनपासून रॉस्किल्डपर्यंत आजच्या डेन्मार्कमधील पहिला लोहमार्ग सुरू झाला. आपल्याकडील मुंबई-ठाणें मार्गाहून तो सहा वर्षांनीं वडील. पुढें रूळ लांबत गेले, तरी ‘ग्रेट बेल्ट’ नांवाची सामुद्रधुनी आड येईच. गाडीचे डबे जहाजावर चढवून पलीकडे न्यावे लागत. १९९७ सालीं समुद्राखालील सुमारें ८ किलोमीटर लांबीचा बोगदा व त्याच्या जोडीचा पूल आगगाडीस खुला झाला आणि ही अडचण सरली. आज ओडेन्सचें एखादें गरीब पोर सव्वा-दीड तासांत राजधानीच्या मध्यभागीं उतरतें.

शहरीं येण्याच्या इतर वाटाही अशाच कष्टानें बांधलेल्या आहेत. जर्मनींतील हांबुर्गहून येणारी गाडी पूर्वीं एका टप्प्यावर सबंध जहाजाच्या पोटांत शिरत असे. उतारू डब्यांतून उतरून जहाजाच्या वरच्या मजल्यावर जात व पाऊण तासानें पुन्हां आपल्या जागीं येऊन बसत. ही मौज २०१९ च्या अखेरीस बंद झाली. आतां गाडी जटलंड द्वीपकल्पावरून वळसा घेऊन सुमारें ५ तासांत पोहोंचते; आणि त्या जुन्या जलमार्गाच्या ठिकाणीं समुद्रतळाशीं सुमारें १८ किलोमीटर लांबीचा नवा बोगदा बांधण्याचें काम चालू आहे. स्वीडनच्या बाजूनें येणारास ओरेसुंद सामुद्रधुनी लागते. तेथें २००० सालीं नवा मार्ग उघडला : माल्मोकडून सुमारें ८ किलोमीटर पूल, मग मुद्दाम रचलेलें सुमारें ४ किलोमीटर लांबीचें बेट, आणि पुढें तितक्याच लांबीचा बोगदा. सबंध पूलच कां बांधिला नाहीं, असें कोणी विचारील. पलीकडच्या तीरावर विमानतळ आहे. पुलाचे उंच मनोरे विमानांच्या वाटेंत आले असते, आणि जहाजांची वाटही मोकळी राहणें अवश्य होतें. त्या विमानतळावर उतरणारासही मोटार शोधीत बसावें लागत नाहीं. स्थानक तेथेंच आहे, व तेथून सुमारें पाव तासांत शहराचें मध्यवर्ती स्थानक गांठतां येतें.

हें मध्यवर्ती स्थानक १९११ सालीं उघडलें. येथपर्यंत आलेल्या उतारूस शहर कसें फिरवितें तें आतां पाहूं. उपनगरांकडे जाणाऱ्या विजेच्या गाड्या १९३४ पासून धांवत आहेत. त्यांस ‘एस-गाडी’ असें नांव आहे. बरीचशी जमिनीखालून जाणारी मेट्रो २००२ सालीं आली. ती चालकावांचून चालते, म्हणून अगदीं पुढच्या कांचेशीं बसून बोगदा न्याहाळण्याचा मान लहान मुलांस मिळतो. ती दिवसाप्रमाणें रात्रींही चालूच असते. २०१९ सालीं शहराच्या मध्यभागाभोंवतीं १७ स्थानकांचें मेट्रोचें वर्तुळ पुरें झालें. एस-गाडींत सायकल नेण्यास २०१० पासून निराळें भाडें पडत नाहीं. त्यामुळें घर ते स्थानक व स्थानक ते कचेरी ही दोन्हीं टोंकें सहज जुळतात. शिवाय आगगाडी, मेट्रो, बस व बंदरांतील प्रवासी होडी ह्या सर्वांस एकच तिकीट चालतें. तें तिकीट अमुक वाहनाचें नसतें. शहराच्या जितक्या विभागांतून जावयाचें तितक्यांचें असतें.

परंतु गाड्या पुष्कळ असणें निराळें, आणि त्या योग्य ठिकाणीं जाणें निराळें. बहुतेक शहरें आधीं वाटेल तशीं पसरतात, आणि मग रूळ त्यांच्यामागें धापा टाकीत धांवतात. कोपनहेगननें हा क्रम बदलण्याचें मनावर घेतलें. १९४७ सालीं स्टीन आयलर रासमुसेन, पीटर ब्रेड्सडॉर्फ प्रभृति नगररचनाकारांनीं एक आराखडा मांडिला. तो ‘बोटांचा आराखडा’ म्हणून प्रसिद्ध आहे. विद्यार्थ्यांनीं आपला पंजा पसरून पहावा. तळहात म्हणजे जुनें शहर. पांच बोटें म्हणजे लोहमार्गांच्या कडेनें वाढणारी वस्ती. बोटांमधील मोकळी जागा म्हणजे शेतें, रानें व कुरणें. तेथें घरांची गर्दी होऊं द्यावयाची नाहीं. म्हणजे वस्तींत कोणी कोठेंही राहिला, तरी त्याच्या एका बाजूस गाडी व दुसऱ्या बाजूस हिरवें रान. २००७ सालीं ह्या विचारास कायद्याचें बळ मिळालें. मोठ्या कचेऱ्या शक्यतों स्थानकापासून ६०० मीटरांच्या आंत असाव्यात, असें तेथील धोरण आहे.

कोणी म्हणेल कीं, तें श्रीमंत व लहान राष्ट्र. त्यास हें परवडतें. परंतु तो १९४७ चा काळ आठवावा. जर्मन फौजांनीं पांच वर्षें व्यापिलेला तो देश १९४५ सालीं मोकळा झाला होता, आणि हा आराखडा त्यानंतर अवघ्या दोन वर्षांनीं निघाला. आधीं विचार झाला, भरभराट मागाहून आली. तेथील लोक कधीं चुकलेच नाहींत, असेंही नव्हे. मोटारगाड्या व बस ह्यांच्यासाठीं त्यांनीं रस्त्यावरील ट्रामगाड्या एकेक करून बंद केल्या. शेवटची ट्राम १९७२ सालीं धांवली. पुढें तीस वर्षांनीं भूमि पोखरून मेट्रो आणावी लागली. रूळ उखडणें स्वस्त असतें, पुन्हां घालणें महाग पडतें, हा धडा त्यांस स्वतःच्या खर्चानें मिळाला.

आम्हांस सर्वांत विचार करण्याजोगी वाटते ती गोष्ट मात्र निराळीच आहे. कोपनहेगनच्या एस-गाडीच्या किंवा मेट्रोच्या स्थानकांवर फाटक नाहीं. तिकीट दाखविल्यावांचून आंत न सोडणारें यंत्र नाहीं, दाराशीं पहारेकरी नाहीं. रस्त्यावरून सरळ फलाटावर जावें व गाडींत बसावें. तिकीट घेतलें आहे, हें गृहीतच धरिलें जातें. प्रौढ मनुष्याबरोबर १२ वर्षांखालील दोन मुलें फुकट जातात, तेथेंही वयाचा दाखला घेऊन कोणी दारांत उभा नसतो. हा विश्वास आंधळा नव्हे. तपासनीस अवचित येतो, आणि बिनतिकिटी मनुष्यास भाड्याच्या कित्येकपट दंड भरावा लागतो. परंतु एका लबाडास पकडण्यासाठीं शंभर प्रामाणिक माणसांस रांगेंत खोळंबून ठेवावयाचें नाहीं, हें तेथील तत्त्व. त्यामुळें बाबागाडी ढकलणारी आई, चाकाच्या खुर्चींत बसलेला अपंग मनुष्य व सायकल घेऊन निघालेला कामगार ह्यांची वाट फाटकापाशीं अडत नाहीं.

विश्वास आटला म्हणजे काय होतें, तेंही ह्याच शहराच्या एका वाटेनें पाहिलें आहे. २०१५ सालीं निर्वासित लोक मोठ्या संख्येनें युरोपांत आले. तेव्हां डेन्मार्कहून येणाऱ्या प्रत्येक उतारूचें ओळखपत्र पाहिलें जावें, असा नियम स्वीडननें जानेवारी २०१६ पासून केला. कोपनहेगनहून माल्मोस जाणारांस विमानतळाच्या स्थानकावर उतरून तपासणी करवून घ्यावी लागे व मग पुढची गाडी धरावी लागे. ज्या पुलानें दोन शहरें एका अंगणांत आणिलीं होतीं, त्याच पुलाच्या तोंडाशीं रोज कामास जाणाऱ्यांचा वेळ वायां जाऊं लागला. स्थानकावरील ही तपासणी मे २०१७ मध्यें उठली. त्या नियमाचा न्यायान्याय येथें ठरवावयाचा नाहीं. पूल सिमेंट-पोलादाचा असला तरी त्यावरील ये-जा विश्वासावर चालते, एवढेंच आम्हांस दाखवावयाचें आहे.

आतां पालकांस दोन शब्द. हें सर्व वाचून, ‘आपल्याकडे असें कधीं व्हावयाचें?’ असा सुस्कारा टाकणें सोपें आहे. पूल व बोगदे बांधणें आपल्या हातीं नाहीं, हें खरें. परंतु फाटकाचा प्रश्न पुष्कळसा आपल्याच हातचा आहे. मुलगा बारा वर्षें ओलांडून गेला असतां, ‘तपासनीसानें विचारिलें तर अकरा सांग’, असें जो बाप त्यास शिकवितो, तो अर्ध्या तिकिटाचे पैसे वांचवितो खरा. पण त्याच क्षणीं तो आपल्या गांवच्या स्थानकावर एक फाटक उभारितो. त्या फाटकाचा, त्यावरील पहारेकऱ्याचा व तपासनिसाचा खर्च पुढें सर्वांच्या भाड्यांत चढतो. आणि त्याच फाटकाच्या रांगेंत उद्यां तोच मुलगा मोठा होऊन, हातांत खरें तिकीट असतांही, खोळंबून उभा राहतो.

विद्यार्थ्यांस आमचें सांगणें इतकेंच कीं, तुमच्यापैकीं कोणी पुढें इंजिनियर होतील, कोणी नगरपालिकेंत बसतील. त्या वेळीं नव्या वस्तीचा नकाशा समोर आला, तर आपला पंजा पसरून त्याजकडे एकवार पहा, आणि गाडी कोठून जाईल हें आधीं विचारा. परंतु तितके दिवस थांबण्याचें कारण नाहीं. सुटींत घरीं जातांना स्थानकावर कोणी पाहत नसलें, तरी आपलें तिकीट काढा, आणि कोणी वय विचारिलें तर खरें तेंच सांगा.