थंड हवेची नळी आणि कलम ५२

मोटारीला बाजारातील ‘कोल्ड एअर इनटेक’ बसवण्याची हौस तरुण वाहनमालकांत दिसते. तिच्यामागील भौतिकशास्त्र खरे आहे. ६० अंशांच्या हवेपेक्षा ३० अंशांची हवा सुमारे १० टक्के दाट असते. प्राणवायू अधिक, म्हणून ज्वलनही अधिक. मात्र आजच्या अनेक मोटारींत कंपनीची मूळ नळीच बॉनेटच्या पुढच्या कडेजवळून बाहेरची हवा ओढते. पदरात पडतो तो बहुधा आवाज! शिवाय नळीचे तोंड बंपरजवळ खाली आणले, की गोव्या-कोकणच्या पावसात तुंबलेल्या रस्त्यावर पाणी सिलिंडरमध्ये शिरण्याचा धोका. पाणी दाबले जात नाही. वाकतो तो कनेक्टिंग रॉड.

खरा पेच कायद्याचा आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलांशी विसंगत फेरफार निषिद्ध ठरवते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्याचा कठोर अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेले कलम १८२-अ अननुज्ञेय फेरफारासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही सांगते. पण प्रमाणपत्रात हवेच्या नळीचा उल्लेखच नसतो. मग फेरफार कशास म्हणावे, हे व्यवहारात रस्त्यावरचा अधिकारी ठरवतो. कॅलिफोर्नियात अशा भागाची उत्सर्जनाच्या कसोटीवर छाननी होऊन त्याला सूट-क्रमांक मिळतो. आपल्याकडे सीएनजी किटसाठी मान्यता आणि प्रमाणपत्रात नोंद ही वाट आहेच. ती इथवर आणणे अवघड नाही. तूर्त तपासणीत वाद उद्भवल्यास मालकाच्या हाती दुकानदाराची पावती तेवढी असते.