धनुष्य हा पळपुट्याचा मार्ग नव्हे

हैदराबादेत चिक्कडपल्लीतून आरटीसी क्रॉसरोड्सकडे गेले की तेलुगू सिनेमाची पंढरीच लागते. तिथल्या पडद्यावर नायकाने धनुष्य उचलले तर त्यात कुणाला कमीपणा दिसत नाही. २०१७ च्या ‘बाहुबली २’मध्ये नायक देवसेनेला एका वेळी तीन बाण सोडायला शिकवतो, २०२२ च्या ‘आरआरआर’मध्ये नायक राम धनुष्य घेऊन इंग्रज सैनिकांवर चालून जातो, आणि त्याला पळपुटा कुणी म्हणत नाही. मात्र हाच प्रेक्षक घरी संगणकावर एखादा कल्पनारम्य रोल-प्लेइंग गेम सुरू करतो आणि आपल्या पात्रासाठी धनुर्धराचा बिल्ड, म्हणजे गुण-कौशल्यांची घडण, निवडतो, तेव्हा ‘लांबून मारणे सोपे असते, हिंमत असेल तर तलवार घे’ असे त्याला ऐकवले जाते. हा आरोप मला अन्यायाचा वाटतो. त्यात अंतर आणि आडोसा या दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झाली आहे.

आधी खेळाचा हिशेब पाहू. २०२३ चा ‘बाल्डर्स गेट ३’ हा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०१४ पासूनच्या पाचव्या आवृत्तीच्या नियमांवर उभा आहे. त्यात दोन हातांची मोठी तलवार सहा बाजूंच्या दोन फाशांएवढी इजा करते, म्हणजे सरासरी ७. लांब धनुष्याला आठ बाजूंचा एकच फासा मिळतो, सरासरी साडेचार. शत्रू दीड मीटरच्या आत आला की धनुर्धराला नेमासाठी दोन फासे टाकून त्यातला कमी आकडा घ्यावा लागतो. बदल्यात चपळाई हा एकच गुण त्याच्या नेमाला, बचावाला, लपण्याला आणि लढाईत आधी पाळी मिळण्याला उपयोगी पडतो. उंचावरून मारले तर नेमाला २ गुण जास्त मिळतात. ‘शार्पशूटर’ कौशल्य घेतले की नेमाचे ५ गुण सोडून १० गुणांची जास्त इजा करता येते. हे सौदे ज्याला प्रत्येक पाळीत जमतात तो आरामात बसलेला नसतो. कुठे उभे राहायचे, कोणाला आधी पाडायचे, पुढे कोणाला ठेवायचे हे त्याला तलवारवाल्याच्या आधी ठरवावे लागते. तलवारवाल्याची चूक त्याचे चिलखत पोटात घालते. धनुर्धराला ती सवलत नसते.

आक्षेपाला आधार नाही असे मात्र नाही. २०११ च्या ‘स्कायरिम’मध्ये सुरुवात कशानेही करा, शेवटी अंधारात दबा धरून बाण मारणारेच बनता, हा खेळाडूंमधला जुना विनोद आहे, आणि तो खरा आहे. तिथे लपून मारलेल्या बाणाची इजा दुप्पट होते, एक कौशल्य घेतले की तिप्पट. शेजारचा साथीदार बाणाने कोसळलेला पाहूनही पहारेकरी थोडी शोधाशोध करतात आणि पुन्हा जागेवर जाऊन उभे राहतात. असा खेळ शंभर तास खेळणे कंटाळवाणे होते, हे मान्य. पण हा दोष धनुष्याचा नाही, विसरभोळ्या शत्रूचा आहे. शत्रूने शिंग फुंकले, ढाली पुढे केल्या, मागून वळसा घातला तर तोच बिल्ड अवघड होतो.

दूरवरून मारण्याच्या ताकदीला किंमत कशी लावावी हे आपल्याला महाभारतापेक्षा चांगले कोणी शिकवलेले नाही. कौरवांचे सेनापती भीष्म १० दिवस, द्रोण ५ आणि कर्ण २ दिवस. म्हणजे १८ दिवसांच्या युद्धात १७ दिवस सेनापतिपद धनुर्धरांकडेच होते. पण अर्जुनाच्या रथाची चाके राखायला युधामन्यू आणि उत्तमौजा लागतात. ऐन वेळी कर्णाला अस्त्राचा मंत्र आठवत नाही. अश्वत्थामा ब्रह्मास्त्र सोडू शकतो, मागे घेऊ शकत नाही. द्वारकेच्या स्त्रियांना घेऊन जाताना खुद्द अर्जुनाचे अक्षय भातेही रिकामे होतात. ‘बाल्डर्स गेट ३’मध्ये साधे बाण कधीच संपत नाहीत, हे इथे आठवते, आणि तिथे व्यासांचा नियम सरस वाटतो.

आडोशाचा प्रश्न वेगळा आहे आणि तोही आपल्याकडे जुनाच आहे. रामाने झाडाआडून बाण मारला तेव्हा मरणाऱ्या वालीने जाब विचारला. रामाने उत्तर दिले, तरी त्यावरचा वाद आजही मिटलेला नाही. भर रणात समोरासमोर धनुष्य चालवणाऱ्याला हा जाब विचारला जात नाही, कारण तिथे आडोसा नसतो, फक्त अंतर असते. खेळ बनवणाऱ्यांनी हा भेद धरला पाहिजे. आडून मारावे, पण मग त्याचा जाब विचारणारे कोणी तरी कथेत असावे.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली ‘राजी’ आणला. त्याच्या नायिकेला त्रिशूळाबरोबर धनुष्यही मिळते. पण तो अ‍ॅक्शन-साहसाचा खेळ आहे, बिल्ड निवडण्याचा नव्हे. पुण्यात किंवा हैदराबादेत उद्या कोणी पूर्ण रोल-प्लेइंग गेम करायला घेतला, तर त्याने भाता रिकामा होऊ द्यावा आणि पहारेकऱ्यांना स्मरणशक्ती द्यावी. तोपर्यंत ‘बाल्डर्स गेट ३’ पहिल्यांदा सुरू करणाऱ्याने बिनदिक्कत धनुर्धर निवडावा, चपळाई १७ ठेवावी, उंचवटा धरावा आणि आपल्यापुढे एक ढालवाला उभा करावा.