विश्लेषण : लोणावळ्याच्या पावसात रुंद टायर कितपत सुरक्षित?

पावसाळ्यात शनिवार-रविवारी भुशी धरण, पवनानगरकडे जाणाऱ्या गर्दीत रुंद टायर बसवून घेतलेल्या मोटारीही दिसतात. रुंद टायरने पकड वाढते, हा समज मात्र अर्धाच खरा आहे.

फायदा कधी?
कोरड्या रस्त्यावर. वळणावर गाडी स्थिर राहते, स्टीअरिंगला प्रतिसाद लवकर मिळतो.

धोका कधी?
साचलेल्या पाण्यात. रुंद टायरला जास्त पाणी बाजूला सारावे लागते. वेग अधिक असल्यास टायर पाण्यावर तरंगतो आणि स्टीअरिंग, ब्रेक दोन्हींचा उपयोग होत नाही. हवा कमी किंवा नक्षी झिजलेली असेल, तर हे कमी वेगातही घडते. बोरघाटाच्या उतारावर त्यामुळे जोखीम वाढते.

रिमचे काय?
‘१९५/६५ आर १५’ म्हणजे रुंदी १९५ मिमी, बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के, रिमचा व्यास १५ इंच. रिमची रुंदी यात नसते. अरुंद रिमवर रुंद टायर चढवल्यास वळणावर त्याची बाजू दबते आणि गाडी डोलते.

काय तपासावे?
नक्षीची खोली १.६ मिमीवर आली, की टायर बदलावा. हवा कंपनीने सांगितल्याइतकी, टायर थंड असताना भरावी.