वाघाची मावशी मसाटला

मांजराला वाघाची मावशी म्हणण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. या नात्याचा मान राखण्यास आमच्या दादरा-नगर हवेलीइतका योग्य मुलूख दुसरा नसेल. येथील वारली बांधव वाघदेवाला भजतात. आपण ज्या दिवशी वसुबारस म्हणून सवत्स धेनूची पूजा करतो, तोच दिवस आमच्या गुजराती शेजाऱ्यांकडे वाघबारस म्हणून ओळखला जातो. असे असूनही भाच्याला देव्हारा आणि मावशीला पोते, असा येथला काय किंवा आपल्याकडला काय, व्यवहार आहे.

पोते म्हणण्याचे कारण वाचकांस ठाऊक असेलच. मांजर मारल्यास काशीस जाऊन सोन्याचे मांजर दान करावे लागते, ही समजूत आपल्या घराघरांत पिढ्यान्पिढ्या चालत आली. सोन्याचा भाव कोणत्याही काळी परवडणारा नव्हता. तेव्हा लोकांनी मांजर मारणे सोडले आणि पोत्यात घालून नदीपार सोडून येणे पत्करले. पाप टळले आणि पिल्लेही टळली. पुढे त्या पिल्लांचे काय होते, हे पाहण्यास कोणी थांबत नाही. एखाद्या प्राण्याची उपासमार होईल अशा स्थितीत त्याला विनाकारण टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा ठरविला आहे. पण काशीच्या धाकापुढे कायद्याचा धाक तो किती!

गेल्या वर्षीच्या आषाढात आमच्या शाळेच्या मागील भिंतीशी अशाच एका मांजरीचे बिऱ्हाड होते. मसाट हे आता नावापुरते खेडे. औद्योगिक वसाहतीकडे जाणारे ट्रक रात्रंदिवस वाहतात, आणि त्यांतील एकाखाली ती मांजरी गेली. तीन पिल्लांपैकी दोन पावसाने गारठून आधीच संपली होती. तिसरे पाचवीतल्या एका मुलीने दप्तरात घालून थेट आमच्या टेबलावर आणून ठेवले. शाळेत आम्ही आमच्या मराठीत त्याला मांजर म्हणतो, गुजराती शिक्षिका बिलाडी म्हणतात, बिहारहून आलेल्या कामगारांची मुले बिल्ली म्हणतात. पिल्लू मात्र कोणत्याच हाकेला ओ देण्याच्या स्थितीत नव्हते.

आम्ही ते घरी नेले. सौ. ने पाहिले, आणि काही न बोलता गरम पाण्याची पिशवी काढली.

येथे थोडे घरातले सांगणे प्राप्त आहे. त्याच्या आधीच्या माघात आमच्या मातोश्री वारल्या. शेवटची सहा वर्षे त्या अंथरुणाला खिळून होत्या. सहाला चहा, आठला गोळी, अकराला पेज, चारला कूस बदलणे, रात्री दोनला पाणी, असे सौ. चे घड्याळ सहा वर्षे चालले. मातोश्री गेल्यावर ते घड्याळ भिंतीवर राहिले आणि घरातले बंद पडले. चिरंजीव पुण्यास नोकरीत. आम्ही शाळेत. लोक म्हणत, आता तुम्हांला विश्रांती मिळेल. विश्रांती अशी मिळाली, की सौ. दुपारी दोन वाजता जाग्या होऊन रिकाम्या खाटेकडे पाहत बसत. दोघांच्या घरात दिवसाकाठी दहा वाक्येही होत नसत.

अशा घरात ते मुठीएवढे पिल्लू आले, आणि सिल्वासाच्या पशुवैद्यांनी ते अंदाजे तीन आठवड्यांचे ठरवून दर चार तासांनी पाजण्याची आज्ञा केली. रात्री दोनचा गजर पुन्हा लागला.

पशुवैद्यांनी सांगितलेल्या चार गोष्टी येथे देतो, कारण त्या बहुतेक घरांत उलट्या होतात. गार पडलेल्या पिल्लास प्रथम ऊब द्यावी, मग दूध. गारठलेल्या पोटात अन्न पचत नाही. पाजताना त्याला तान्ह्या मुलासारखे उताणे धरू नये, पोटावरच ठेवावे, नाहीतर दूध श्वासनलिकेत जाते. गाईचे दूध पुष्कळ पिल्लांना बाधते, हगवण लागते आणि त्यातच ती जातात. पिल्लांसाठी दुधाची निराळी भुकटी मिळते, ती आणावी. आणि ताप आहे असे वाटून आपल्या डब्यातली पॅरासिटामोलची गोळी कधीही देऊ नये. मांजराला ती विष आहे. त्याचे अंग आपल्यापेक्षा मुळातच गरम असते.

पुढे ते मोठे होऊ लागले, आणि ती मनी आहे हेही ठरले, तेव्हा दुसरा पेच पडला. आमचे घर शाकाहारी. सौ. नी दूधभातावर तिला वाढविण्याचा मनसुबा सांगितला. तो चालण्यासारखा नव्हता, कारण मांजर हे मांसाहारावाचून निरोगी राहत नाही. त्याच्या डोळ्यांना आणि हृदयाला लागणारे टॉरीन नावाचे द्रव्य मांसमाशांतूनच मिळते. मग मासळी आणावयाची कोणी? इंग्रजीचे थोर कोशकार डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांनी हॉज नावाचे मांजर पाळले होते. त्याच्यासाठी कालवे आणावयास ते स्वतः बाजारात जात. नोकरांना हे काम सांगितले तर ते त्या मुक्या जिवाचा राग करतील, अशी त्यांना भीती होती. हे बॉस्वेलने लिहून ठेवले आहे, आणि लंडनमध्ये जॉन्सनच्या घरासमोर १९९७ पासून त्या हॉजचा पुतळाही आहे. आम्ही कोशकार नव्हे. परंतु शाळेच्या शिपायाला घरच्या कामास लावणे आम्हांस कधीच मान्य नसल्यामुळे दर रविवारी पिशवी घेऊन मासळीबाजारात उभे राहतो. कोळिणी आता आमची थट्टा करीत नाहीत. मासळी ओसरीवरच्या निराळ्या चुलीवर उकडली जाते आणि काटे काढण्याचे काम आमच्याकडे आहे.

पाळीव प्राण्याने माणसाला काय लाभते, याविषयी अमेरिकेत १९८० साली एक निबंध प्रसिद्ध झाला. हृदयविकारातून उठलेल्या ९२ रुग्णांची वर्षभराने चौकशी केली, तेव्हा घरी प्राणी असलेल्या ५३ जणांपैकी ३ आणि नसलेल्या ३९ जणांपैकी ११ दगावल्याचे आढळले. पुढच्या अभ्यासांचे निष्कर्ष सगळे एकसारखे निघालेले नाहीत, म्हणून आम्ही या आकड्यांवर फार भार देत नाही. मांजर आपल्यावर प्रेम करते की नाही, यावरही आम्ही वाद घालणार नाही. आमच्या घरी जे घडले ते असे, की कोणाला तरी ठरावीक वेळी आपली गरज आहे, एवढ्याने सौ. चा दिवस पुन्हा उभा राहिला.

आणि घरात बोलणे परतले. ते कोणते, हे सांगण्याजोगे आहे. मातोश्रींच्या तोंडी काही खास कोकणी ठेवणीचे शब्द असत: ‘शिंची’, ‘द्वाड कुठली’, ‘मेली एवढीशी पण तोरा बघा’. आमच्यासारख्या मुलखाबाहेर राहणाऱ्या घरांत असे शब्द म्हाताऱ्या माणसांबरोबर जातात. शाळेत ते शिकविता येत नाहीत आणि शेजारी कळत नाहीत. एके सकाळी आम्ही दाढी करीत असता स्वयंपाकघरातून मातोश्रींच्याच हेलात ‘शिंचे, उतर खाली!’ असे ऐकू आले आणि वस्तरा हातात राहिला. सौ. फळीवरच्या मनीला रागे भरत होत्या. हयातीत सासूच्या ज्या शब्दांनी त्या कधी कधी दुखावत, तेच आता दिवसभर त्यांच्या तोंडी असतात. चिरंजीव फोनवर ते मुद्दाम ऐकवून घेतो.

अनाथ पिल्लाला आसरा दिल्याने घराचे रूप पालटते, याचे आपल्यातील ठळक उदाहरण हेमलकशाचे. तेथे १९७३ मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाल्यावर डॉ. प्रकाश आमटे यांनी मेलेल्या आईला बिलगलेले माकडाचे पिल्लू शिकाऱ्यांकडून मागून घेतले. त्या एका पिल्लापासून पुढे बिबट्यांपर्यंतचे अनाथालय उभे राहिले. त्यांचे ‘रानमित्र’ हे पुस्तक ज्यांनी वाचले नसेल त्यांनी अवश्य वाचावे. आम्ही मात्र एकावरच थांबलो. मनीला रेबीजची लस टोचली आणि सहाव्या महिन्यात तिची शस्त्रक्रिया करून घेतली. ‘मुक्या जिवाचे मातृत्व हिरावता’ म्हणून एका स्नेह्यांनी आम्हांस बोल लावला. त्यांच्याच माळ्यावर यंदा चार पिल्ले झाली. पोते त्यांच्याच स्कूटरवर होते.

आमच्यापुढे प्रश्न निराळा आहे. लवकरच आम्ही सेवानिवृत्त होऊ आणि हे सरकारी निवासस्थान सोडावे लागेल. कुत्रा माणसाला धरून राहतो, मांजर घराला, असे म्हणतात; बदली झालेल्या कित्येक कुटुंबांनी याच म्हणीच्या आधारे आपली मांजरे रिकाम्या ओट्यावर ठेवून ट्रक भरलेले आम्ही पाहिले आहेत. पिल्लू आले त्याच दिवशी आम्ही ही शंका सौ. पाशी काढली होती. ‘ती आपल्याबरोबर येईल,’ एवढेच उत्तर मिळाले. पशुवैद्य म्हणतात, नव्या घरी नेल्यावर काही आठवडे एका खोलीत कोंडून ठेवा, तिची जुनी चटई आणि आपले वापरलेले कपडे जवळ ठेवा, म्हणजे रुळेल. झाकणाची वेताची टोपली आम्ही आत्ताच आणली आहे. ती ओसरीवर उघडीच ठेवतो, आत मातोश्रींच्या जुन्या लुगड्याची घडी घातली आहे, आणि गेल्या आठवड्यापासून मनी दुपारी तीतच निजू लागली आहे. झाकण लावून पाहिले नाही. ते दिवाळीच्या सुटीत.