सेवेचे पारपत्र

अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या एखाद्या मध्यमवर्गीय घरातून तरुण मुलगी वर्षभराच्या स्वयंसेवेसाठी आफ्रिकेत जावयास निघाली की घरात तयारीला ऊत येतो. पारपत्र हाती पडते, पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी टोचून घेतली जाते. जवसाची चटणी, मुगवड्या, कुरड्या यांचे डबे वजनकाट्यावर चढतात. शेजारीपाजारी श्रीफळ देऊन जातात. आणि ओसरीवर बसलेला कोणी वडीलधारा, बहुधा चळवळीतला जुना कार्यकर्ताच, सवाल टाकतो : "मेळघाटातली दैना संपली काय, म्हणून साता समुद्रांपलीकडे निघालीस?"

सवाल वरकरणी बिनतोड वाटतो. मेळघाटातील बालकांचे कुपोषणाने होणारे मृत्यू 1993 साली महाराष्ट्रासमोर आले. त्यानंतर योजना आल्या, समित्या आल्या, तरी तो प्रश्न मिटला नाही. परंतु हा सवाल टाकणाऱ्याने धारणी-चिखलदऱ्याची वाट स्वतः किती वेळा तुडविली, कोरकू भाषेतील किती शब्द त्याला येतात, हेही विचारले पाहिजे. पुष्कळांच्या तोंडी मेळघाट ही जबाबदारी नसून दुसऱ्याला गप्प बसविण्याची सबब झाली आहे.

'आधी घरचे पाहा' हाच जर न्याय असेल, तर 1938 साली भारतातून चीनला वैद्यकीय पथक जावयासच नको होते. देश स्वतः पारतंत्र्यात होता, अर्धपोटी होता. तरीही जपानी आक्रमणाखाली भरडल्या जाणाऱ्या चीनची हाक ऐकून काँग्रेसचे तत्कालीन अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी आवाहन केले, लोकांनी निधी दिला आणि पाच डॉक्टर निघाले. त्यांत सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते, तसेच नागपूरचे वयाने ज्येष्ठ असे डॉ. चोळकर होते. कोटणीस चिनी भाषा शिकले, डॉ. बेथ्यून यांचे नाव दिलेल्या रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि 9 डिसेंबर 1942 रोजी, अवघ्या 32 व्या वर्षी, तेथेच निवर्तले. त्यामुळे सोलापूरच्या दुःखाकडे पाठ फिरविली गेली, असे म्हणण्याचे धाडस आज कोण करील?

मात्र या उदाहरणाची ढाल करून आजच्या प्रत्येक परदेशी स्वयंसेवेचे समर्थन करता येणार नाही. त्या पाच जणांना चीनने बोलाविले होते, त्यांच्या हाती विद्या होती आणि त्यांना जनतेने पाठविले होते. आज सेवेचीही दुकाने थाटली गेली आहेत. भरघोस शुल्क भरा, चार आठवडे मुलांना इंग्रजी शिकवा, छायाचित्रे काढा, प्रमाणपत्र घेऊन परता! कंबोडिया आणि नेपाळ येथे तर आईबाप हयात असलेली मुले अनाथालयांत आणून ठेवली गेली. कारण शुल्क भरणाऱ्या पाहुण्यांना अनाथ हवे होते. गरिबाचे लेकरू ज्या व्यवहारात विक्रीची वस्तू होते, त्याला सेवा म्हणणे ही शुद्ध आत्मवंचना आहे. शिवाय अशा सेवेचे शुल्क भरणार कोण? मोर्शीच्या शेतमजुराची मुलगी भरू शकत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक योजनेसारख्या ठिकाणी उलट स्वयंसेवकालाच निर्वाहभत्ता मिळतो; परंतु त्याची माहिती तिच्यापर्यंत पोहोचविण्याची तसदी कोणी घेत नाही.

खरी तयारी डब्यांची नव्हे. शेगावचे डॉ. रवींद्र कोल्हे वैद्यकीय पदवी घेऊन मेळघाटातील बैरागडला गेले, तेव्हा आपली विद्या तेथे अपुरी पडते हे त्यांना उमगले. ते परत फिरले, पुढील शिक्षण पुरे केले आणि मग पत्नी डॉ. स्मिता यांच्यासह तेथे कायमचे राहिले. 2019 साली या दांपत्याला पद्मश्री मिळाली. परंतु कार्यकर्त्याने त्यांच्याकडून शिकावयाचे ते आपले अज्ञान ओळखून मागे फिरण्याचे धैर्य. ज्याला शंभरेक किलोमीटरवरच्या कोरकू घरात ऐकून घेता आले नाही, त्याला आफ्रिकेतील खेड्यात तरी कोणाचे म्हणणे ऐकू येणार?

आणि तेथे काय ऐकू येईल, याचीही कल्पना वऱ्हाडाला असावयास हवी. 1860 च्या दशकात अमेरिकेतील यादवी युद्धाने वऱ्हाडच्या कापसाला परदेशी बाजारात सोन्याचा भाव आणला. युद्ध संपताच तो कोसळला. 2003 साली माली, बुर्किना फासो, बेनिन आणि चाड या चार देशांनी जागतिक व्यापार संघटनेत मागणी केली की, श्रीमंत राष्ट्रांनी आपल्या कापूस-उत्पादकांना दिलेली अनुदाने बंद करावीत. त्यामुळे आमचा शेतकरी बुडतो. तीनच वर्षांनी, 2006 साली, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे अमरावती-अकोल्यासह विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांना विशेष योजना जाहीर करावी लागली. मूर्तिजापूरचा कास्तकार आणि मालीतला कास्तकार एकाच बाजाराच्या जात्यात भरडले जात आहेत. म्हणून अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून बाहेर पडलेला तरुण तेथे गेला, तर त्याने दात्याचा आव आणू नये. एका पीडिताचा भाऊ दुसऱ्याच्या बांधावर बसावयास गेला आहे, एवढेच त्याचे नाते. आणि ते फार मोठे आहे.

यात पक्षकार्यकर्त्यांनाही काम आहे. तालुक्यातालुक्यांतून लोकवर्गणी काढून कष्टकऱ्यांची मुले पाठवावीत. जाण्यापूर्वी प्रत्येकाला सहा महिने मेळघाटात काम करावयास लावावे. परत आल्यावर त्याच्याकडून जाहीर सभेत हिशेब घ्यावा. ओसरीवरच्या वडीलधाऱ्याने सवाल जरूर करावा, पण तो असा : तुला बोलाविले कोणी? तुला येते काय? परत येऊन तू हिशेब कोणाला देणार? या तिहींची उत्तरे जिच्यापाशी असतील, तिला निरोप देण्यासाठी त्याने स्वतः बडनेरा स्थानकावर जावे. आणि परतीच्या वाटेवर धारणीची गाडी पकडावी.