बसला अटक

२०१५ साली नायजेरियाच्या कस्टम्सनं लागोसच्या बंदरात एक बस अडकवून ठेवली. धावणारी बस नव्हे हो, पोलादाची. शिल्प आहे ते. खऱ्या बसएवढं, टपावर तेलाची पिंपं, आणि बाजूला केन सारो-विवा यांचं, तेल कंपन्यांवर वंशसंहाराचा थेट आरोप करणारं वाक्य.

सारो-विवा लेखक होते, टीव्ही मालिका काढायचे. नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशातल्या ओगोनी लोकांच्या जमिनीत १९५८ मध्ये तेल सापडलं. तेल परदेशात गेलं, पैसा राजधानीत गेला आणि ओगोनींच्या वाट्याला तेलकट खाड्या आल्या. त्याविरुद्ध त्यांनी लोक उभे केले, तेही हत्यार न उचलता. १९९३ मध्ये शेलला तिथला उपसा बंद करावा लागला. १० नोव्हेंबर १९९५ ला लष्करी राजवटीनं त्यांना आणि आठ साथीदारांना फासावर दिलं. आरोप खुनाचा, खटला लष्करी राजवटीनं नेमलेल्या न्यायाधिकरणापुढे. कसा चालला असेल ते तुम्हीच समजा.

ही बस बनवली सोकारी डग्लस कॅम्प यांनी. त्याच मुलखात जन्मलेल्या, लंडनमध्ये राहून पोलादात काम करणाऱ्या शिल्पकार. २००६ पासून बस लंडनमध्ये होती, कुणाला काही त्रास नव्हता. फाशीला वीस वर्षं झाली म्हणून ओगोनींना भेट पाठवली आणि बंदरातच अडकली. हरकत राजकीय आशयाला! आणि तेव्हा कस्टम्सचे प्रमुख कोण? हमीद अली. फाशी सुनावणाऱ्या न्यायाधिकरणाचे एक सदस्य. एखाद्या कादंबरीकारानं हे लिहिलं असतं तर आपण म्हटलं असतं, जरा अतीच झालं.

आम्ही तालुक्याच्या ठिकाणचे बातमीदार. पुतळ्यांची अनावरणं कव्हर करून बोटं झिजली. आपल्याकडचा पुतळा कुणाला अडचणीचा नसतो, कारण तो कुणाचं नावच घेत नाही. हार घाला, फोटो काढा, मोकळे व्हा. ही बस मात्र आरोपीकडे बोट दाखवते. पर्यावरणासाठी मेलेल्यांचं स्मारक असंच हवं, असं माझं स्पष्ट मत आहे. नुसतं झाड मिठीत घेतलेली बाई कोरायची आणि झाड तोडणाऱ्याच्याच हस्ते फीत कापायची, याला स्मारक म्हणत नाहीत.

जून २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष टिनुबू यांनी त्या नऊ जणांना मरणोत्तर माफी दिली, वर राष्ट्रीय सन्मानही. अहो, माफी कशाची? माफी गुन्हेगाराला देतात. निकाल चुकीचा होता, हे म्हणायला सरकार तयार नाही. आणि हे सगळं कधी, तर ओगोनीत पुन्हा तेल काढायची बोलणी सुरू असताना. तिथलं प्रदूषण साफ करायला २५ ते ३० वर्षं लागतील, असा संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०११ चा अहवाल आहे.

सन्मानच करायचा होता तर निकाल रद्द करायचा, आणि ती बस सारो-विवांच्या बोरी गावात, भर रस्त्यात, त्या वाक्यासकट उभी करायची. एक अक्षरही न पुसता.